लंडनच्या थंडीत गवसलेली ऊब

पौषातल्या सकाळी अनगोळ-वडगावच्या शिवारावर धुके उतरते, तेव्हा बेळगावचा दक्षिण भाग तासभर नाहीसाच होतो. नऊच्या सुमारास धुके विरते आणि कोवळे, तिरपे ऊन पिकांवरून सरपटत घरांच्या भिंतींवर चढते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोलाचा प्रकाश हाच. हवा कोरडी असते, सावल्या लांब पण मऊ पडतात आणि चेहऱ्यावरची रेष न् रेष उजळते, तरी डोळे मिचकावे लागत नाहीत. आज खिशातल्या फोनने कोणत्याही प्रकाशात छायाचित्र निघते, म्हणून ऋतूचे हे महत्त्व विस्मरणात गेले आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र छायाचित्रणाचा सारा व्यवसाय सूर्यावर आणि ऋतूवर अवलंबून होता.

हा व्यवसाय तेव्हा मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नव्हता. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, तेव्हा येथील एस. महादेव अँड सन या छायाचित्रकारांनी त्यांचे छायाचित्र काढले. हाती दंड घेतलेल्या त्या तरुण परिव्राजकाची मुद्रा आजही घरोघरी दिसते. तेथून स्वामीजी मडगावला गेले आणि राशोलच्या सेमिनरीतील ग्रंथ पाहिले, हा इतिहास गोमंतकीयांना परिचित आहे. एका आडगावच्या छायाचित्रशाळेत, काचेवर टिपलेली ही प्रतिमा इतकी दूरवर जाईल याची कल्पना तेव्हा कोणाला असणार? परंतु त्या काळी मराठी मुलखात अशी गुणी माणसे ठिकठिकाणी होती. त्याच सुमारास बडोद्याच्या कलाभवनात बावीस वर्षांचा एक नाशिककर तरुण कॅमेऱ्याशी झुंजत होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. गोव्यात दर नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्या दिवसांत त्यांचे नाव वारंवार कानी पडते. तथापि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ते छायाचित्रकार, ठसे-निर्माते आणि मुद्रक होते, आणि त्यांच्या पुढच्या पराक्रमाचे सारे बीज या वीस वर्षांत आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. मुलगाही शास्त्री व्हावा, ही घरची साहजिक अपेक्षा. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली, कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक गज्जर यांच्या दूरदृष्टीने उभ्या राहिलेल्या कलाभवनात त्यांना चित्रकलेबरोबरच छायाचित्रण, प्रकाशशिलामुद्रण आणि तिरंगी ठसे तयार करण्याची विद्या मिळाली. गज्जरांनी या हरहुन्नरी विद्यार्थ्याला संस्थेची छायाचित्रशाळा वापरण्याची मुभा दिली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काय कष्टाचे काम होते, हे ध्यानी घेतल्याखेरीज पुढची कथा कळणार नाही. काचेच्या तुकड्यावर जिलेटिनचा थर, त्यात चांदीचे क्षार. या थराला निळा प्रकाश लगेच कळे, पण लाल-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळे पडे आणि सोन्याचा दागिना मंद होई. गिऱ्हाईकाला काही क्षण अगदी निश्चल बसवावे लागे. छपराला काचा लावून उत्तरेचा प्रकाश आत घेणे आणि पांढऱ्या पडद्यांनी तो कमीअधिक करणे, हीच काय ती छायाचित्रशाळेची यंत्रणा. सर्वांत मोठा शत्रू होता उन्हाळा. वैशाखात पाणी इतके तापे की काच रसायनात घालताच जिलेटिनचा थर कडेने सुटू लागे, सुरकुत्या पडत, कधी सगळा थरच वाहून जाई. म्हणून येथील छायाचित्रकार रात्री-पहाटे प्रतिमा धुवत, पाण्यासाठी माठ वापरत आणि थंडीची वाट पाहत. आपल्याकडचा हिवाळा हा छायाचित्रकाराचा खरा सुगीचा हंगाम.

कलाभवनातील शिक्षणानंतर १८९५ च्या सुमारास फाळके यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचे दुकान थाटले. गाव लहान, पण गिऱ्हाईक मिळू लागले. संसार सुरू झाला, मूल झाले. आणि मग शतक संपता संपता प्लेग आला. पश्चिम भारतातील असंख्य घरांप्रमाणे या घरावरही त्याने घाला घातला. पत्नी आणि मूल दोघेही गेले. ज्या गावात उद्योग आणि कुटुंब यांची एकदमच उभारणी केली होती, तेथे फाळके राहू शकले नाहीत. ते बडोद्यास परतले.

बडोद्यात पुन्हा दुकान मांडले, ते चालले नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि छायाचित्र काढणाऱ्याचे आयुष्य घटते, अशी समजूत शहरात पसरली होती. राजघराण्यापर्यंत ही भीती पोचली होती आणि फाळके यांनी दरबारात छायाचित्रणाची बाजू मांडून ती घालवली, असे सांगतात. दरबाराचे मन वळले; गिऱ्हाईक काही वळले नाही. पत्नी व मूल गमावलेल्या माणसाच्याच हातातील यंत्राला लोकांनी मृत्यूचे यंत्र ठरवावे, यातील क्रूरता लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. ही जादू पुढे पडद्यावर फार उपयोगी पडली.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांच्या घरची, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांची भाची. विवाहानंतर तिचे नाव सरस्वती झाले. या नाटक मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, तेव्हा मराठी चित्रपटाच्या मूळपुरुषाच्या संसाराचा एक धागा असा सीमाभागाशी जुळलेला आहे. सरस्वतीबाईंविषयी पुढे सांगणे आहेच. त्यांच्यावाचून ही कथा सांगताच येत नाही.

पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रकार व आरेखक ही नोकरी फाळके यांनी काही वर्षे केली. पगार होता, स्थैर्य होते, पण मन रमले नाही. १९०६ च्या सुमारास त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्याला ठसे व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिलामुद्रणाचे काम त्यांनी केले. कारखाना दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले. १९११ मध्ये फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय एक्केचाळीस.

याच सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, अयोध्या, गोकुळ उभे राहत होते. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली असल्याने सर्वांना ठाऊक आहे. तिच्यानंतर जे घडले ते मात्र अधिक विचार करायला लावणारे आहे. फाळके यांनी मिळेल तो चित्रपट पाहायला सुरुवात केली. दिवसा प्रयोग, रात्री चित्रगृह, झोप कशीबशी तीन तास. खेळणेवजा कॅमेरा, फिती, भिंगे, मेणबत्त्या आणि पुस्तके यांनी घर भरले. शेवटी डोळ्यांनी संप पुकारला. दिसेनासे झाले. प्रकाशावर जगणाऱ्या माणसाचा प्रकाशच गेला. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली, तेव्हा कोणताही शहाणा माणूस थांबला असता. फाळके पुन्हा चित्रगृहात जाऊन बसले.

पुस्तकांतून विद्या येत नाही, यंत्रे प्रत्यक्ष पाहिली पाहिजेत, हे त्यांना उमगले. त्यासाठी विलायतेला जाणे भाग होते. नोकरी सुटलेली, धंदा गेलेला, नातलग हसत होते. घरात राहिलेली एकच किंमती वस्तू म्हणजे विम्याची पॉलिसी. बारा हजारांच्या विम्यावर सुमारे दहा हजार रुपये उभे राहिले. विमा असतो घरधन्याच्या माघारी बायकामुलांना आधार म्हणून, आणि येथे घरधन्याने तोच गहाण टाकला होता. त्या कर्जाला सरस्वतीबाईंनी नकार दिला असता, तर भारतीय चित्रपटाचा आरंभ आणखी कोणाच्या तरी नावावर लागला असता.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके मुंबईच्या बंदरातून बोटीत बसले. मुंबईत तेव्हा थंडी ओसरत होती, हवा सुखाची होती. तेथून ते उतरले ते लंडनच्या ऐन कडाक्यात. फेब्रुवारीच्या मध्यावर तेथे दिवस जेमतेम दहा तासांचा, त्यातही सूर्य क्षितिजालगत आणि बहुधा ढगांआड. चुलाण्यांच्या धुराने आभाळ काळवंडलेले. त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्लंडभर कोळसा-खाणीतील सुमारे दहा लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि सारे घर-कारखाने ज्या कोळशावर चालत तोच महाग झाला. ओळखीचे कोणी नाही. गाठीला पैसा मोजका, आणि तोही परतीनंतर हप्त्याहप्त्याने फेडायचा. उन्हाच्या देशातील एका छायाचित्रकाराने चित्रे टिपण्याची विद्या शिकण्यासाठी उन्हाचा दुष्काळ असलेल्या गावी यावे, हा विरोधाभास त्यांना जाणवल्यावाचून राहिला नसेल.

पिकॅडिली भागात फिरताना त्यांच्या नजरेस एक पाटी पडली. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची ती कचेरी होती. फाळके मुंबईत या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. परक्या शहरात परिचित नाव दिसावे आणि पाय आपोआप वळावेत, तसे झाले. ते सरळ आत गेले आणि संपादक केबर्न यांची भेट मागितली.

केबर्न यांनी या पाहुण्याला आधी परावृत्तच केले. खुद्द इंग्लंडात कितीतरी निर्माते बुडाले होते. शिवाय हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही, असे त्यांचे मत पडले. ही शंका पोकळ नव्हती. फितीवरचा थरही जिलेटिनचाच, आणि उष्णतेत जिलेटिन काय करते हे फाळके यांना केबर्नपेक्षा अधिक ठाऊक होते. गोध्र्याच्या आणि बडोद्याच्या वैशाखात त्यांनी आपल्या हातांनी ते भोगले होते. परंतु त्याच अनुभवाने त्यांना दुसरी बाजूही शिकवली होती. रसायनाची उष्णता रात्रीच्या गारव्याने आणि थंड पाण्याने सांभाळता येते. नसलेला सूर्य मात्र आणता येत नाही. हिंदुस्थानात वर्षाचे आठ महिने जो प्रकाश फुकट पडतो, त्यासाठी इंग्रज निर्मात्याला काचेची घरे बांधावी लागत होती. केबर्न यांच्या मते जो मोठा अडसर होता, तेच फाळके यांचे भांडवल होते.

युक्तिवादापेक्षा पाहुण्याच्या तळमळीचा परिणाम अधिक झाला असावा. केबर्न यांनी नुसता सल्ला देऊन बोळवण केली नाही. ते फाळके यांना वॉल्टन येथील चित्रशाळेचे मालक सेसिल हेपवर्थ यांच्याकडे घेऊन गेले. हेपवर्थ हे त्या वेळी इंग्लंडातील अग्रगण्य निर्माते. मॅजिक लँटर्नवर व्याख्याने देणाऱ्या बापाचा हा मुलगा, आणि हलत्या चित्रांच्या तंत्रावर १८९७ मध्येच पुस्तक लिहिणारा लेखक. वसाहतीतून आलेल्या एका अनोळखी माणसाला त्याने दारातूनच वाटेला लावले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. हेपवर्थ यांनी चित्रशाळेचा प्रत्येक विभाग फाळके यांना मोकळा करून दिला. चित्रण, फीत धुणे, छपाई, जोडणी हे सारे प्रात्यक्षिकासह दाखवले. काचेच्या छपरातून येणारा मंद प्रकाश कमी पडला की विजेच्या दिव्यांची जोड कशी द्यावी, हेही तेथे पाहायला मिळाले.

थंडीतली खरी ऊब फाळके यांना अशी मिळाली: शेकोटीची नव्हे, आपली विद्या हातचे राखून न देणाऱ्या दोन परक्या माणसांची. पारतंत्र्याच्या काळात साहेबाविषयी आपल्या मनात जो योग्य राग साठला आहे, त्याच्या ओघात केबर्न आणि हेपवर्थ यांचा हा मोठेपणा झाकोळू नये. फाळके यांनी तो कधी झाकला नाही. या चित्रशाळेची शोकांतिका अशी की पुढे १९२४ च्या सुमारास हेपवर्थ यांचे दिवाळे निघाले आणि त्यांच्या असंख्य मूळ फिती वितळवून टाकल्या गेल्या. गुरू आणि शिष्य दोघांच्याही बहुतेक निर्मितीला एकच गती मिळायची होती.

फाळके यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कोडॅकची कोरी फीत आणि फितीच्या कडांना भोके पाडणारे यंत्र मागवले आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले. येण्याजाण्यासह दोन महिने. एवढ्या अल्प काळात इतके पदरी पडले याचे श्रेय लंडनला जितके, तितकेच आधीच्या वीस वर्षांना आहे. काचेवरच्या प्रतिमा धुणे, ठसे करणे, रंगांचे पृथक्करण, पडदे रंगवणे, हातचलाखी यांपैकी काहीही वाया गेले नव्हते. नवे शिकायचे होते ते फक्त प्रतिमेला चालवणे.

यंत्रे मे महिन्यात दादरच्या घरी पोचली. सोबतच्या आराखड्यावरून फाळके यांनी चार दिवसांत ती उभी केली. पैसे पुन्हा संपले होते. सावकाराला विश्वास पटेल असे काही दाखवणे आवश्यक होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एक एक चित्र टिपले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर मातीतून वर आला, डोलला, वेल होऊन चढला. नाडकर्णी आणि देव्हारे या सावकारांनी ते पाहिले आणि कर्ज देऊ केले. अंकुराची वाढ या नावाने हा लघुपट ओळखला जातो. राजा हरिश्चंद्राच्या दिपवणाऱ्या प्रसिद्धीत तो दुर्लक्षित राहतो, पण छायाचित्रकार फाळके जाणून घ्यायचे असतील तर पाहावे ते येथेच. एका रोपापुढे महिनाभर दररोज उभे राहणे हे करमणूक करणाऱ्याचे काम नाही, ते निरीक्षकाचे काम आहे. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी जानेवारी १८८५ पासून बिनउबेच्या पडवीत श्वास रोखून हिमकणांची छायाचित्रे घेत होता, कारण जराशी ऊब लागली तरी कण विरघळे. एकाला थंडी टिकवायची होती, दुसऱ्याला ऊन. दोघांची चिकाटी मात्र एकाच जातीची.

आता सरस्वतीबाईंकडे वळले पाहिजे. कोरी फीत भोकांवाचून येई. काळोख्या खोलीत बसून, केवळ बोटांच्या स्पर्शाने, फितीच्या दोन्ही कडांना अचूक अंतरावर भोके पाडण्याचे काम त्या शिकल्या. चुकीचे एक भोक म्हणजे फीत कॅमेऱ्यात अडकणार आणि दिवसाची मेहनत व्यर्थ. रात्री फीत धुण्याच्या, रसायने कालवण्याच्या कामात त्या होत्या. दिवसा चित्रण चाले तेव्हा पात्रांच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. कंपनीत स्त्रीपात्राला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाच्या भूमिकेसाठीही मुले मिळेनात, कारण अरण्यात मरणारे पात्र आपल्या मुलाने करावे हे कोणा आईबापांना रुचेना. शेवटी फाळके यांचा थोरला मुलगा भालचंद्र उभा राहिला. प्लेगमध्ये मूल गमावलेल्या बापाने आपल्या दुसऱ्या मुलाला कॅमेऱ्यासमोर मृतवत निजवले, तेव्हा त्याला काय वाटले असेल याची नोंद नाही.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस हे काम चालले. पावसाळ्यानंतरचे स्वच्छ आभाळ आणि हिवाळ्यातील मऊ ऊन यांचा पुरेपूर उपयोग झाला. चित्रशाळा दादरला, बाहेरची दृश्ये वांगणी गावाजवळ. ढाल-तलवारी घेऊन उतरलेल्या या मंडळींना गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून पोलीस पाटलाकडे वर्दी दिली आणि फाळके येऊन कॅमेरा उघडून दाखवीपर्यंत सारी पात्रे अडकून पडली, अशी गंमत सांगितली जाते. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट भरली. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसमोर आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी राजा हरिश्चंद्र झळकला.

पुढची वर्षे प्रसिद्ध आहेत, त्यांचा विस्तार येथे नको. नाशिकला स्थलांतर, मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांचे पदार्पण, सत्यवान सावित्री. १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, या वेळी आपले तीन चित्रपट बगलेत घेऊन. हेपवर्थ यांनी ते पाहिले, तंत्राची वाखाणणी केली आणि भरघोस मोबदल्यावर इंग्लंडातच काम करण्याची तयारी दाखवली. दोन वर्षांपूर्वी ज्या दारात शिकाऊ म्हणून उभे राहिले, तेथेच बरोबरीच्या नात्याने बोलावणे आले होते. फाळके यांनी ते नाकारले. नाशिकला त्यांच्या पगारावर जगणारी माणसे होती. तेवढ्यात महायुद्ध पेटले, सावकारांनी हात आखडले, आणि पुन्हा सरस्वतीबाईंचे दागिने बाहेर निघाले. लंकादहन, श्रीकृष्णजन्म, कालियामर्दन यांनी पुन्हा वैभव आणले. कालियामर्दनात बाळकृष्ण झाली ती त्यांचीच चिमुकली कन्या मंदाकिनी. हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाले, तेव्हा सारे सोडून ते सहकुटुंब काशीस जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. भागीदारीत टिकणे त्यांना आयुष्यभर साधले नाही. दोष नेहमी समोरच्याचाच होता असे मानण्याचे कारण नाही. हिशेबाच्या वहीकडे पाहायला त्यांना वेळ नसे, आणि जे त्या वहीकडे पाहत त्यांच्याविषयी त्यांना आदर नसे.

बोलपट आला आणि फाळके यांचे जग मागे पडले. त्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट गंगावतरण १९३७ मध्ये तयार झाला तो कोल्हापूर सिनेटोनमध्ये. निपाणी-बेळगाव पट्ट्याला हे कोल्हापूर घरासारखेच. पंचवीस वर्षांपूर्वीच्या राजा हरिश्चंद्राने ज्यांना वेड लावले, त्या बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवून चित्रपट काढले होते. म्हणजे फाळके यांनी पेटवलेल्या दिव्यापाशीच त्यांचा शेवटचा मुक्काम पडला. वय सदुसष्टकडे झुकलेले, प्रकृती खालावलेली, ध्वनीचे तंत्र परके. दोन वर्षे आणि मोठा खर्च करूनही चित्रपटाने त्यांचे दिवस पालटले नाहीत.

नंतरची वर्षे नाशिकला विपन्नावस्थेत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, थंडी सरता सरता, त्यांचा अंत झाला. बत्तीस वर्षांपूर्वी याच महिन्यात त्यांनी विमा गहाण टाकून बोट पकडली होती. चित्रसृष्टीला त्या दिवशी फारसा खंड पडला नाही. युद्धाचे दिवस होते.

त्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट आणि पंचवीसएक लघुपट काढले, असे मानले जाते. त्यांतील बहुतेक नष्ट झाले. नायट्रेटची ती फीत मुळात ज्वालाग्राही, आणि उष्ण-दमट हवेत तिची भुकटी होते. केबर्न यांची हवेविषयीची शंका फितींच्या बाबतीत अशी उशिरा खरी ठरली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काही रिळे टिकून आहेत: राजा हरिश्चंद्राचे अंश, लंकादहनाचे तुकडे, बऱ्याच अंशी पूर्ण असे कालियामर्दन. चित्रपट कसा तयार होतो हे सामान्य प्रेक्षकाला दाखवणारा त्यांचा एक लघुपटही वाचला आहे, त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. त्यांचे एक छायाचित्र तर सर्वपरिचित आहे. टक्कल पडू लागलेले कपाळ, भरघोस मिशा, आणि दोन्ही हातांत उंच धरलेली फीत. ती फीत त्यांनी उजेडाकडे धरली आहे आणि एकेक चौकट ते तपासत आहेत.